सायकलस्वार आणि वाहनचालक: एका चौकापासून सुरू करायची मोहीम

पायडल (धागाकर्ते)

सुरक्षित सायकलिंगची मोहीम म्हटलं की बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी फेरी निघते, टी-शर्ट वाटले जातात आणि सोमवारी चौक होता तसाच असतो. फेरीने माणसं जमतात, हे महत्त्वाचंच आहे. पण रस्ता बदलायचा असेल तर एक चौक किंवा फार तर एक किलोमीटरचा पट्टा निवडावा, तिथे नेमकं काय चुकतंय ते मोजावं आणि त्या मोजणीत पहिल्या दिवसापासून गाडी चालवणारी माणसं सोबत घ्यावीत. बस, ट्रक, रिक्षा, मोटार, ज्यांना त्या रस्त्यावरून रोज जावं लागतं अशी माणसं.

चालक का हवेत? कारण ज्या जागी सायकलस्वाराच्या पोटात गोळा येतो, बहुतेक वेळा त्याच जागी चालकालाही 'आता हा कुठे वळणार' हे कळत नसतं. दोघांनी मिळून दाखवलेली जागा कुठल्याही कार्यालयात 'एका गटाची तक्रार' म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

मोजणी अशी करता येईल:

मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस. सकाळी २ तास, दुपारी १, संध्याकाळी २. एकूण १५ तास. दर १५ मिनिटांना नवी ओळ. रकाने: सायकली, पादचारी, दुचाकी, मोटारी, बस, जड वाहनं. एका वेळी तिघं हवेत: एक वाहनं मोजणारा, एक फक्त 'थोडक्यात वाचले' असे प्रसंग टिपणारा, एक बदली. तासाभराने डोळे थकतात आणि नोंदी गळायला लागतात, म्हणून बदली हवीच.

'थोडक्यात वाचले' याची व्याख्या आधी ठरवा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे मोजतो. आम्ही वापरतो ती व्याख्या: दोघं आहेत त्याच वेगाने, त्याच दिशेने गेले असते तर दीड सेकंदाच्या आत धडक झाली असती, आणि ती टाळायला कुणाला तरी जोरात ब्रेक दाबावा लागला किंवा वळसा घ्यावा लागला. अपघात घडेपर्यंत न थांबता अशा प्रसंगांवरून चौक तपासण्याची पद्धत स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात विकसित झाली आणि ती साध्या कागद-पेन्सिलीने करता येते. प्रत्येक प्रसंगाला नकाशावर दोन बाण: सायकल कुठून कुठे, गाडी कुठून कुठे. पंधरा तासांनंतर बाण चौकभर विखुरलेले नसतात, दोन-तीन जागी गुंता होतो. तो गुंता म्हणजेच तुमची मागणी.

वेग मोजायला रडार गन नसली तरी अडत नाही. रस्त्यावर खडूने बरोबर ५० मीटरवर दोन रेघा मारा आणि स्टॉपवॉच घ्या. ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५० किमी, ६ सेकंद म्हणजे ताशी ३० किमी. बोट दाबण्यातली चूक ०.२ सेकंद धरली तर पन्नासच्या वेगाला साधारण ३ किमीचा फरक पडतो, तो अहवालात लिहून टाका. ज्यांच्या पुढे किमान पाच सेकंदांची मोकळी जागा आहे अशाच गाड्या धरा, कारण रांगेतली गाडी पुढच्याच्या वेगाने जाते. अशा १०० गाड्या वेगाच्या चढत्या क्रमाने लावा आणि ८५वी पाहा. रस्त्यांचे अभियंते हाच आकडा विचारतात, सरासरी विचारत नाहीत.

बाकीच्यांनी भर घालावी.

---

मोजपट्टी

उत्तम धागा. ओव्हरटेक करताना गाडी किती जवळून गेली, हे मोजण्याबद्दल लिहितो, कारण चालक आणि सायकलस्वारांचं सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं आणि दोघंही आकड्याशिवाय बोलतात.

जर्मनीत ओपनबाइकसेन्सर नावाचं खुलं उपकरण स्वयंसेवकांनी तयार केलं आहे. सीटच्या दांड्यावर आडवा अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर, सोबत जीपीएस आणि हँडलवर एक बटण. सेन्सर आडवं अंतर सतत मोजतो. गाडी ओव्हरटेक करून गेली की बटण दाबायचं. हे बटण काढून टाकायचा मोह होतो, तो टाळा. बटणाशिवाय उभ्या गाड्या, कठडे, खांब सगळेच 'ओव्हरटेक' म्हणून नोंदले जातात आणि पूर्ण माहितीवरचा विश्वास उडतो.

स्वतः बनवणाऱ्यांच्या हमखास होणाऱ्या चुका:

अंतर हँडलच्या टोकापासून धरायचं असतं, सेन्सरपासून नाही. हँडल ६० सेंमी रुंद असेल तर मध्यरेषेपासूनच्या मापातून ३० सेंमी वजा करा. सेन्सर मध्यरेषेवर नसेल तर वजाबाकी बदलते, ती टेपने मोजूनच भरा.

हवेतला आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. म्हणजे वीस अंशांवर जुळवलेलं यंत्र कडक उन्हात खरं १.५५ मीटरचं अंतर १.५० दाखवतं. फरक छोटा आहे, पण चालकांच्या विरोधात जाणारा आहे. तापमानाची दुरुस्ती केली नसेल तर समोरचा नेमकं तेवढंच धरून बसेल, आणि ते त्याचं चुकणारही नाही.

मोटारीचा आरसा साधारण सेन्सरच्या उंचीला येतो, तो पकडला जातो. ट्रक-बसचा आरसा खूप वर असतो, तो सेन्सरला दिसतच नाही. म्हणून जड वाहनांचं खरं अंतर मापापेक्षा कमी असतं. त्यांची नोंद वेगळी ठेवा.

सेन्सर नको असेल तर पादचारी पुलावरून खाली रोखलेला स्थिर कॅमेरा आणि रस्त्यावर आडव्या, ५० सेंमी अंतराने खडूच्या खुणा. तासाभराच्या चित्रणात भरपूर नोंदी मिळतात. सायकलवर लावलेल्या वाइड-अँगल कॅमेऱ्यावरून मात्र अंतर ठरवू नका. त्या भिंगातून गाडी असते त्याहून लांब दिसते.

तुलनेसाठी: जर्मनीत २०२० पासून वस्तीत १.५ मीटर आणि वस्तीबाहेर २ मीटर अंतर सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. आपापल्या ठिकाणचा नियम आधी वाचून घ्या. काही ठिकाणी फक्त 'सुरक्षित अंतर' एवढंच लिहिलेलं असतं आणि मग आकडा घालून घेणं हीच पहिली मागणी होते.

---

रोजचीगाडी

मी चालकाच्या बाजूने विचारतो. अंतर सोडायला हरकत नाही. पण सायकलवाले रस्त्याच्या मधून का जातात? कडेला दोन फूट जागा मोकळी असते, तरी मधे. आणि दोघं-दोघं शेजारी. मागे अडकलेल्याला हे मुद्दामच वाटणार ना?

---

दुपदरी

@रोजचीगाडी, प्रश्न रास्त आहे, आणि मोहिमेच्या पत्रकांत याचं उत्तर जवळजवळ कधीच नसतं. गणित मांडून बघू.

चालती सायकल सरळ रेघेत जात नाही. हँडल ६०-६५ सेंमी, त्यात दोन्हीकडचं डोलणं धरलं तर सुमारे १ मीटरचा पट्टा लागतो. चढावर किंवा अगदी सावकाश जाताना डोलणं वाढतं. कडेला जी 'दोन फूट मोकळी जागा' गाडीतून दिसते तिथे गटाराची जाळी, खडी, काच, डांबराची तुटलेली कड आणि पाणी असतं. म्हणून चाक कडेपासून किमान अर्धा-पाऊण मीटर आत हवं. शेजारी गाड्या उभ्या असतील तर आणखी आत, कारण मोटारीचं दार उघडलं की मीटरभर बाहेर येतं.

आता बेरीज: कडेपासून ०.७५, डोलण्यासह अर्धी सायकल ०.५, मोकळं अंतर १.५, आरशांसह मोटार २. एकूण ४.७५ मीटर. लेन असते तीन-साडेतीन मीटरची. म्हणजे सायकल अगदी कडेला असली तरी त्याच लेनमधून योग्य अंतर ठेवून पुढे जाता येतच नाही, शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं. आणि जावंच लागणार असेल, तर सायकल कडेला आहे की मधे, याने चालकाचं काम बदलत नाही. कडेला असली की 'बसेल बहुतेक' असं वाटतं आणि तिथेच घात होतो. मधे असली की 'आत्ता नाही, पुढे मोकळं झाल्यावर' हे लगेच कळतं.

यामुळेच ब्रिटनच्या सायकल-रचनेच्या सरकारी मार्गदर्शिकेत ३.२ ते ३.९ मीटर रुंदीची लेन टाळा असं म्हटलं आहे. त्याहून अरुंद असेल तर कुणी घुसत नाही, त्याहून रुंद असेल तर जागा पुरते. मधल्या रुंदीत फसगत होते. तुमच्या पट्ट्यावर लेनची रुंदी टेपने मोजा. ३.५ निघाली तर भांडणाचं अर्धं कारण रस्ता आखणाऱ्याने घालून ठेवलंय.

शेजारी-शेजारी जाण्याचं: दहा जण एका रांगेत गेले तर रांग लांबते आणि ओव्हरटेकला दुप्पट रस्ता लागतो. दोन-दोन असले तर निम्मा. पण वळणावर, चढावर, मागे रांग लागल्यावर एका रांगेत येणं हे सायकलस्वारांचं काम आहे आणि ते मोहिमेने स्वतःच्या माणसांना ठासून सांगायला हवं.

अडकण्याचा हिशोब: २०० मीटर ताशी १८ किमीने ४० सेकंदांत जातात, ताशी ४० ने १८ सेकंदांत. तोटा २२ सेकंद. पुढचा सिग्नल लाल असला तर शून्य. चालकांच्या बैठकीत हे स्टॉपवॉच लावून दाखवा, नुसतं सांगून कुणाला पटत नाही.

---

रोजचीगाडी

रुंदीचं गणित पहिल्यांदा कुणी असं मांडलं. दोन-दोनच्या बाबतीत 'मागे रांग लागली की एका रांगेत या' हे पत्रकावर छापाच. चालकांना तेवढं दिसलं तरी फरक पडेल.

---

जडवाहन

ट्रक आणि बसबद्दल. इथली चूक जिवावर बेतते, म्हणून जरा सविस्तर.

लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून जात नाहीत, आतून जातात. पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येने वळलं आणि दोन धुरांत ६ मीटर अंतर असलं, तर मागचं चाक सुमारे १.६ मीटर आतून जातं. एक सायकल आणि तिच्यावरचं माणूस मावेल एवढी ही जागा आहे. ट्रेलर असेल तर आणखी.

त्यात भर म्हणजे कोपरा मिळावा म्हणून चालक आधी उलट बाजूला थोडी गाडी घेतो. मागच्या सायकलस्वाराला वाटतं, आपल्याला वाट दिली. तो कडेच्या मोकळ्या जागेत शिरतो आणि त्याच क्षणी गाडी कडेला वळते. चौकांतल्या जड वाहनांच्या जीवघेण्या धडकांचा हा ठरलेला साचा आहे.

सायकलस्वारांना शिकवायचं ते एवढंच: सिग्नलला उभ्या लांब गाडीच्या कडेने पुढे जाऊ नका. मागे थांबा, किंवा आधीच पुढे असाल तर इतकं पुढे थांबा की वळून पाहिल्यावर काचेतून चालकाचा चेहरा दिसेल. नाकासमोर अगदी चिकटून थांबणं सगळ्यात वाईट, उंच केबिनमधून काचेच्या खालचे पहिले दीड-दोन मीटर दिसत नाहीत. आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही, हे खरं. उलट मात्र खरं नाही: चेहरा दिसला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंच असं नाही. एका ट्रकला चार-सहा आरसे असतात आणि तो एका वेळी एकातच पाहू शकतो.

चालकांना सांगायचं: वळण्याआधी कडेचा आरसा दोनदा, इंडिकेटर गाडी थांबल्यावर नव्हे तर थांबण्याआधी, आणि वळताना चालत्या माणसाचा वेग. चौकाच्या आधीच्या ३० मीटरमध्ये सायकलला ओव्हरटेक करून लगेच कडेला वळू नये. ज्यांना त्या चौकात वळायचंच आहे त्यांनी सायकलच्या मागे राहावं.

लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकना चालकाला थेट किती दिसतं यावरून तारे देतात. २०२१ पासून त्याशिवाय परवाना मिळत नाही आणि ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे किंवा जादा सुरक्षा उपकरणं लागतात. मोहिमेला एवढं जमलं नाही तरी मोठ्या वाहतूकदारांना आणि बांधकाम ठेकेदारांना दोन गोष्टी मागता येतात: दोन्ही बाजूंना चाकांमधली जागा झाकणारे आडवे कठडे आणि शाळेच्या वेळेत त्या पट्ट्यावर डंपर बंद.

---

नवी_साखळी

@जडवाहन, हे सगळं चालकांपर्यंत पोचवायचं कसं? भाषणाला कुणी येत नाही.

---

जडवाहन

भाषण ठेवूच नका. डेपोत किंवा ट्रक अड्ड्यावर, पाळी बदलण्याच्या वेळी, ४५ मिनिटं. बंद इंजिन, चाकाला ठोकळा, किल्ली बाहेर.

चालकाला त्याच्या सीटवर बसवा. एक सायकलस्वार सायकलसह गाडीभोवती फिरतो आणि दर अर्ध्या मीटरला थांबतो. चालक 'दिसतोय' किंवा 'नाही' म्हणतो. 'नाही' आलं की तिथे खडूने फुली. पंधरा मिनिटांत गाडीभोवती फुल्यांचा आकार उमटतो. मग अदलाबदल: सायकलस्वार केबिनमध्ये चढतात आणि चालक खाली फुल्यांवर उभे राहतात. लंडनच्या पोलिसांचा असाच 'जागा बदला' उपक्रम होता, त्यातही सायकलस्वारांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवत.

फुल्या पुसू नका, फोटो काढा. गाडीच्या प्रत्येक प्रकाराचा आकार वेगळा असतो. आरसे नीट लावले नसले तर तिथेच लावून पुन्हा फुल्या मारा, आकार किती आक्रसतो ते चालक स्वतः पाहतात. हीच वेळ चालकांचं ऐकून घ्यायची: बसथांब्यावर सायकली कुठून घुसतात, रात्री दिवे नसतात, मुलं कुठे आडवी येतात. लिहून घ्या आणि धागाकर्त्यांच्या नकाशावर चढवा.

काही जण चालकांना स्थिर सायकलीवर बसवून शेजारून बस नेतात. परिणाम जबरदस्त होतो, पण मधे पक्का कठडा नसेल तर करू नका.

---

चौकट

आता मागायचं काय. माझ्या मते मागणी तीन थरांत लिहावी: आठवड्यात होणारं, तीन महिन्यांत होणारं, पुढच्या नूतनीकरणात होणारं. पहिल्या थरातलं एक जरी काम झालं तरी कार्यालयातल्या माणसांशी बोलणं सुरू होतं.

*आठवड्यात:* गटाराच्या जाळ्या. फटी प्रवासाच्या दिशेने असतील तर टायर आत जातो आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी चौरस असेल तर उचलून ९० अंशांत फिरवायची, बस. आयताकृती असेल तर आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या. यादीत प्रत्येक जाळीचा फोटो, शेजारी ठेवलेली मोजपट्टी आणि जवळच्या खांबाचा क्रमांक. चौकाच्या कोपऱ्यापासून दहा मीटरमधली पार्किंगची जागा रद्द करणं हेही याच थरात, त्याने सगळ्यांनाच वळणापलीकडचं दिसतं.

*तीन महिन्यांत:* थांबरेषेपुढे सायकलींसाठी ४-५ मीटरचा चौकोन आणि सायकलींना ३-५ सेकंद आधी हिरवा. फक्त चौकोन आखला आणि तिथपर्यंत यायला वाट ठेवली नाही, तर सायकलस्वार ट्रकच्या कडेने घुसून तिथे पोचायला बघतात. वर जडवाहन यांनी लिहिलेला धोका आपणच आखून दिल्यासारखं होतं.

*नूतनीकरणात:* वेगळा, कठड्याचा मार्ग, एकेरी असेल तर २ मीटर. आणि चौकात कोपऱ्यावर छोटं बेट. मार्ग मुख्य रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीइतका, म्हणजे सुमारे ५ मीटर आत सरकवायचा. त्याने वळणारी गाडी जवळजवळ काटकोनात सायकलसमोर येते, चालकाला मान मागे न वळवता सायकल दिसते आणि थांबली तरी मागची वाहतूक अडत नाही. कोपऱ्याची गोलाई कमी केली की वळण्याचा वेगही आपोआप उतरतो.

एका गोष्टीला ठाम नकार द्यावा: उभ्या गाड्यांना खेटून आखलेली सव्वा मीटरची रंगीत पट्टी. ती सायकलस्वाराला थेट दाराच्या टप्प्यात नेते, आणि चालकाला वाटतं 'त्यांची जागा तिकडे'. त्यापेक्षा पट्टी नसलेली बरी.

आणि तुकडे मागू नका. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात २००६ नंतरच्या मोजक्या वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचा वेगळा मार्ग एकमेकांना जोडून बांधला गेला, तेव्हाच सायकली दिसू लागल्या. तुमचा एक किलोमीटरचा पट्टा शाळा ते वस्ती किंवा वस्ती ते स्थानक असा पुरा जोडणारा हवा.

---

बिनघाई

वेगमर्यादेवर बोलताना ही एक तुलना वापरा. प्रतिक्रियेला १ सेकंद आणि कोरड्या रस्त्यावरचा चांगला ब्रेक धरला, तर ताशी ३० ची गाडी सुमारे १३ मीटरवर थांबते. ताशी ५० ची गाडी त्या एका सेकंदातच १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली थांबलेली असते तिथे दुसरीने ब्रेकला पायही लावलेला नसतो. शाळेसमोर रस्त्यावर ० ते २८ मीटर खुणा करून १३ वर एक शंकू आणि २८ वर दुसरा ठेवा. पालकांना आणखी काही सांगावं लागत नाही, आणि त्यातले बरेच जण स्वतः चालकच असतात.

नेदरलँड्समध्ये सुरुवात इथूनच झाली. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं गेली, त्यात शेकडो मुलं. १९७२ मध्ये 'मुलांचे बळी थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली, १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना. आज तिथली सायकल बघून लोक म्हणतात त्यांची संस्कृतीच तशी. पण साठच्या दशकात तिथेही रस्ते मोटारींसाठीच रुंद होत होते, सायकली घटत होत्या.

---

सिग्नलपाशी

चालकांची पहिली तक्रार: सायकलवाले लाल दिवा तोडतात, उलट दिशेने येतात. मोहिमेने हे टाळून पुढे जाऊ नये. तक्रार खरी आहे. सरळ मान्य करावी आणि कारणं शोधावीत, कारण बरीचशी दुरुस्त होण्यासारखी आहेत.

काही सिग्नल रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याने वाहन ओळखतात. वेटोळ्याच्या मधोमध उभी सायकल त्याला जाणवत नाही, हिरवा येतच नाही आणि माणूस शेवटी निघतो. उपाय: डांबरात कापलेली रेघ दिसते, बरोबर तिच्यावर दोन्ही चाकं ठेवून थांबायचं. तिथे सायकलची खूण रंगवून घ्या आणि वेटोळ्याची संवेदनशीलता वाढवायची मागणी करा. बसवणारा तंत्रज्ञ ते काही मिनिटांत करतो.

उलट दिशा: एकेरी रस्त्यामुळे किती मीटरचा वळसा पडतो ते मोजा. पाचशे मीटरच्या वर असेल तर उलट येणारे येतच राहणार. बेल्जियममध्ये २००४ पासून पुरेशा रुंदीचे एकेरी रस्ते सायकलींना सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंनी खुले असतात, तशी पाटी असते आणि चालकाला समोरून सायकल येणार हे माहीत असतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वारांना 'थांबा'च्या पाटीपाशी वेग कमी करून, वाट मोकळी असेल तर पुढे जायला परवानगी दिली. आपल्याकडचा कायदा असं म्हणत नसेल तोवर लाल म्हणजे थांबायचं. कायदा बदलून मागणारा स्वतः तो मोडत असेल तर बैठकीत त्याचं कुणी ऐकणार नाही.

---

मागचा_दिवा

रात्रीचं थोडक्यात. फ्लुओरेसेंट जाकीट अंधारात निरुपयोगी, त्याला दिवसाचा उजेड लागतो. रात्री परावर्तक हवा, आणि तो घोट्याला व पॅडलला लावा. वर-खाली हलणारा ठिपका दिसला की चालकाला लांबूनच 'माणूस' हे ओळखू येतं. मागचा दिवा सतत जळणारा असावा. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे लक्ष जातं, पण तो किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. पुढचा दिवा खाली रोखलेला हवा, त्याचा झोत ८-१० मीटरवर जमिनीला टेकला पाहिजे. समोरच्या चालकाचे डोळे दिपवणारा दिवा धोका वाढवतो. पिशवीने मागचा दिवा झाकला जात नाही ना, हे सायकल उभी करून मागे १५ पावलं जाऊन बघायचं.

---

नवी_साखळी

हेल्मेट सक्तीची मागणी मोहिमेत घ्यावी का?

---

मागचा_दिवा

वापरावं, पण मोहिमेची मागणी करू नये. युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर ताशी साधारण २० किमीने आदळतात. म्हणजे ते पडण्यासाठी आहे, ट्रकसाठी नाही. एकदा जोरात आपटलं की बाहेरून ठीक दिसलं तरी बदलायचं. बैठकीत हेल्मेटचा विषय निघाला की चौकाचा विषय संपतो, हा अनुभव सगळीकडचा आहे.

---

शब्दजोड

भाषेबद्दल. पत्रकात 'सायकलवाले' आणि 'गाडीवाले' अशा दोन जमाती उभ्या करू नका. 'सायकलवर असलेली व्यक्ती', 'ट्रकचालक' असं लिहा. 'ट्रकने चिरडलं' असं लिहिलं की गाडी आपोआप चालत होती असं वाटतं. 'अपघात' ऐवजी 'धडक' लिहा, चूक कोणाची ते तपासात ठरू द्या.

व्हिडिओ: चालकाचा चेहरा आणि गाडीचा क्रमांक झाकल्याशिवाय समाजमाध्यमावर टाकू नका. ज्याला चव्हाट्यावर आणलं तो तुमच्या बैठकीला येणार नाही, त्याचे सोबतीही येणार नाहीत. पोलिसांना मात्र मूळ फाइल द्या: न कापलेली, प्रसंगाआधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं असलेली, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेली. त्यात तुमचं स्वतःचं वागणंही दिसेल, ते दिसू द्या.

इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये केलेला प्रयोग मागता येण्यासारखा आहे. साध्या कपड्यातला पोलीस सायकलवर, फार जवळून गेलेल्या गाडीचा निरोप तो पुढच्या सहकाऱ्यांना देतो. थांबवलेल्या चालकाला जमिनीवर अंथरलेल्या मोठ्या चटईवर किती अंतर सोडायचं ते प्रत्यक्ष दाखवतात. गंभीर प्रसंग नसेल तर खटल्याऐवजी ही शिकवणी. ही चटई कुठलीही मोहीम फ्लेक्सवर छापून घेऊ शकते: सायकलची आकृती, १.५ मीटरची पट्टी, मोटारीची आकृती.

आणि दार उघडण्याची सवय. दारापासून लांबचा हात वापरायचा. त्याने खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ पासून हे लिहिलेलं आहे. दाराच्या कडीपाशी चिकटवायचा स्टिकर टॅक्सीचालक आनंदाने लावून घेतात, कारण तुटलेलं दार त्यांनाच भरून द्यावं लागतं.

---

पायडल

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवण्यासारखे प्रतिसाद आलेत. दुकानदारांच्या विरोधाचं राहिलं, ते लिहितो. 'पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल' या भीतीला वाद घालून उत्तर देता येत नाही. दर अर्ध्या तासाला त्या पट्ट्यावरच्या उभ्या गाड्यांच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टिपा. दिवसभराच्या यादीत कुठली गाडी सात-आठ तास हललीच नाही ते दिसतं. बऱ्याचदा ती गिऱ्हाइकाची नसते. मालाच्या टेम्पोसाठी मात्र जागा आणि ठराविक वेळ आपणहून मागा, ती दुकानदाराची खरी गरज आहे. तिचं काही केलं नाही तर टेम्पो सायकलमार्गातच उभा राहणार.

सायकलमार्गाची तात्पुरती चाचणी करायची तर साध्या शंकूंनी नको, ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलून दुकानापुढे लावतो. पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे घ्या, प्रत्येकावर परावर्तक पट्टी, पहिला अडथळा तिरका. किमान सहा आठवडे चालू द्या. पहिले दोन आठवडे नवखेपणाचे असतात, ते मोजणीत धरू नका. नंतरची मोजणी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच माणसांकडून.

@जडवाहन यांच्या फुल्यांमुळे नोंदीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवले आहेत. 'थोडक्यात वाचले' या प्रत्येक प्रसंगापुढे आता: गाडीचा प्रकार, आणि त्या क्षणी सायकल त्या गाडीच्या फुल्यांच्या आकारात होती की बाहेर. आत असेल तर उपाय आरशाचा, कठड्याचा, सिग्नलच्या वेळेचा. बाहेर असेल तर चालकाला ती दिसू शकत होती, आणि मग तिथला वेग मोजायचा. पहिली मोजणी झाली की भरलेला तक्ता इथेच चिकटवतो, @रोजचीगाडी यांनी तो चालकाच्या नजरेने तपासून द्यावा.

---

रोजचीगाडी

देतो. लेनची रुंदीही त्यात टाका, चौकाआधी ३० मीटरवर आणि थांबरेषेपाशी, दोन्हीकडची. आमच्या बाजूने आणखी एक रकाना हवा: इंडिकेटर थांबरेषेच्या किती आधी लागला. बसचालकांपैकी दोघं मोजायला तयार असतील तर संध्याकाळची पाळी त्यांना द्या, त्यांना मागून येणारी गाडी आवाजावरून ओळखता येते.